डिप्रेशनवरची मेंदूची शस्त्रक्रिया

वेगवेगळ्या गटातल्या गोळ्या पुऱ्या डोसात पुरेसे आठवडे घेऊन झाल्या, समुपदेशन झालं, भूल देऊन विजेचे शॉक (ईसीटी) झाले, आणि तरी वर्षानुवर्षं आजार हटत नाही अशा अगदी मोजक्या पेशंटवर ही शस्त्रक्रिया करतात. इंदूरकडे नुसतं 'दिमागाचं ऑपरेशन' म्हटलं की लोकांना गाठ काढणं वाटतं, पण इथे गाठबिठ काही नसते, भावनांशी संबंधित जाळ्यातला ठरावीक दुवा तोडायचा नाहीतर तिथे इलेक्ट्रोड बसवायचा.

सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही. बरेच ग्रंथ स्वित्झर्लंडच्या मनोविकारतज्ज्ञ गॉटलिब बुर्कहार्टपासून धरतात, त्याने १८८८ च्या सुमारास सहा पेशंटच्या मेंदूचे तुकडे काढले, एक दगावला, आणि पुढे बर्लिनच्या परिषदेत हे मांडल्यावर कोणी फारसं उचलून धरलं नाही. पण त्याचे पेशंट बहुतेक भ्रम-भास असलेले होते, डिप्रेशनचे नव्हेत, म्हणून या नोंदीपुरतं तरी लिस्बनच्या मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझपासून मोजणं जास्त बरोबर वाटतं. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्याने सर्जन अल्मेडा लिमाकडून कपाळामागच्या भागातल्या तंतूंत आधी अल्कोहोल टोचवलं, पुढे तारेचं फिरतं पातं असलेलं हत्यार वापरलं, आणि त्या पहिल्या पेशंटांत उतारवयातल्या उदासीचे लोक होते. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत फुल्टन आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी चिंपांझींच्या मेंदूचा पुढचा भाग काढून केलेले प्रयोग सांगितले, ते ऐकून मोनिझला कल्पना सुचली असा किस्सा सगळीकडे छापलेला असतो, मोनिझचं म्हणणं मात्र विचार आधीपासूनच डोक्यात होता असं. किस्सा जरा जास्तच गोड आहे, त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. १९४९ चं नोबेल त्याला मिळालं, तोवर अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून धडाधड ऑपरेशनं करत होता, आणि लोबोटॉमीची (मेंदूच्या पुढच्या भागाचे तंतू कापण्याची) बदनामी मुख्यतः तिथली. १९५० च्या दशकात औषधं आली तशी ती ओसरली.

आजची पद्धत वेगळी. १९४७ मध्ये स्पीगल आणि वायसिस यांनी माणसाच्या डोक्याला चौकट लावून नेमका बिंदू गाठायची सोय केली, त्यातून मेंदूतल्या वेगवेगळ्या ठरावीक जागी छोटी जखम करायच्या सिंग्युलोटॉमी, कॅप्सुलोटॉमी आणि लंडनच्या जेफ्री नाइटची ट्रॅक्टोटॉमी या पद्धती निघाल्या, शेवटचीत जखमेसाठी यट्रियमचे किरणोत्सारी कण ठेवत. जखम काही मिलिमीटरांची, पण कायमची.

तार बसवायची पद्धत म्हणजे डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), इलेक्ट्रोडमधून मेंदूला हलका करंट द्यायचा, बॅटरी कॉलरबोनखाली कातडीत. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग आणि सर्जन आंद्रेस लोझानो यांनी टोरांटोत सहा पेशंटवर केलं आणि २००५ मध्ये छापलं, चौघांना फरक पडला, बातम्या झाल्या. मग अमेरिकेत ९० पेशंटची मोठी चाचणी झाली, त्यात पहिल्या सहा महिन्यांत करंट चालू असलेले आणि बंद असलेले यांच्यात ठळक फरक दिसेना, चाचणी थांबवली, मात्र पुढे करंट चालू ठेवलेल्यांत दोन वर्षांनी जवळपास निम्मे सुधारलेले होते. तुलनेचा गट नसलेले सुटे निकाल आशादायक, करंट बंद असलेल्यांशी तुलना केलेले निकाल ढिले, असं हे चित्र आहे, आणि अनेक देशांत डिप्रेशनसाठी डीबीएस अजून प्रयोग म्हणूनच धरतात.

भारतात १९४० च्या दशकात बंगळुरूच्या मेंटल हॉस्पिटलात ल्युकोटॉमी (म्हणजे मोनिझच्या धर्तीची ऑपरेशनं) झाल्या, १९६० नंतर मद्रासला राममूर्ती आणि बालसुब्रमण्यम यांनी चौकटीची शस्त्रक्रिया केली, पण ती मुख्यतः आक्रमक वागणुकीसाठी.

इंदूरला अशा पेशंटची वाट बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय किंवा एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीतून जाते, आणि घरचे थकून 'डॉक्टरसाहेब, ऑपरेशन करून टाका, आम्ही सही करतो' म्हणतात. ही सही इथे पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९६ प्रमाणे पेशंटची स्वतःची माहितीपूर्वक संमती पाहिजे आणि वर कायद्याने नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. शॉकचा नियम त्याआधीच्या ९५ मध्ये, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही, तरी आपल्याकडे भीती शॉकचीच जास्त.