फावडं कशाला, तर खुराडं साफ करायला!

तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांवर पूर्वी एक मोठी शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापून टाकायचा, म्हणजे एका बाजूला उठलेला झटका दुसरीकडे पसरत नाही. हे रुग्ण नंतर घरी-दारी बऱ्यापैकी नेहमीसारखे वागत. खास चाचण्या घेतल्या की मात्र कळे, उजव्या मेंदूने पाहिलेलं डाव्याच्या गावीही नसतं.

१९७०च्या दशकात मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लडू या मेंदूच्या अभ्यासकांनी अशाच एका मुलाला एकाच क्षणी दोन चित्रं दाखवली. कोंबडीचा पाय फक्त डाव्या मेंदूला दिसेल असा, आणि बर्फात बुडालेलं घर फक्त उजव्याला. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं काय ते निवडायला सांगितलं. डाव्या मेंदूच्या ताब्यातल्या उजव्या हाताने कोंबडी दाखवली, उजव्याच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायचं फावडं. दोन्ही उत्तरं अगदी बरोबर. पण ‘हीच का निवडलीस?’ या प्रश्नाला तोंड द्यायचं होतं डाव्या मेंदूने, कारण बोलण्याचं खातं त्याच्याकडे. आणि बर्फ तर त्याने पाहिलाच नव्हता. ‘काय की’ म्हणून मोकळं होता आलं असतं. मुलाने बेधडक सांगितलं: पाय कोंबडीचा म्हणून कोंबडी, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच!

तो थाप मारत नव्हता. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. डाव्या मेंदूत घडलेल्या गोष्टींचा अर्थ लावत बसणारी एक यंत्रणा आहे, असा निष्कर्ष गॅझानिगांनी यातून काढला. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात ती चालू असते. आपला पट्टा शाबूत असल्याने ती सहसा पकडली जात नाही, एवढंच.

या यंत्रणेला माणसंच लागतात असंही नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलींना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात होते इकडेतिकडे फिरणारे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट. काय घडलं ते लिहा, इतकंच सांगितलं. ३४ जणींपैकी एकीनेच ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं.

हे झालं गोष्ट रचण्याचं. ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना तिचं काय होतं, हे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी पाहिलं. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी लोकांना वाचायला दिली. दोन तरुण सील पकडायला नदीवर जातात, डोंग्यातून आलेले योद्धे एकाला लढाईला नेतात, तिथे त्याला बाण लागतो पण दुखत नाही. हे तर भुतं आहेत, असं त्याला वाटतं. घरी येऊन तो सगळं सांगतो, आणि सूर्य उगवल्यावर त्याच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं. तो मरतो. संपली गोष्ट.

वाचणाऱ्यांना हे झेपेना. आठवून सांगताना डोंग्याची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. तोंडातून आलेल्या त्या काळ्या वस्तूच्या जागी कुणी फेस आणला, तर कुणाच्या लेखी तो जाणारा आत्माच ठरला. भुतं बऱ्याच जणांच्या कथेतून गळालीच. गोष्ट आटलीही, पण साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी आणताना आपण जाणूनबुजून आटवतो, तसं हे नव्हतं. जे आपल्या जगात बसत नाही ते नकळत घासून बसवलं जात होतं. बार्टलेट यांनी हे १९३२ साली छापलं. स्मरणशक्ती म्हणजे कपाटात ठेवलेल्या फायली, ही समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती. ती अजून टिकून आहे याचं मला नवल वाटतं.

मग इतकी भेसळ करणारी खोड माणसात टिकली कशी? फिलिपिन्समधल्या आग्टा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांची एक कथा अशी: आकाश कोणी उजळायचं यावरून सूर्य आणि चंद्र यांचं भांडण जुंपतं. त्यांच्यात चंद्र ही बाई. मारामारीत ती सूर्याइतकीच ताकदवान निघते, तेव्हा दिवस त्याचा, रात्र तिची, असा तोडगा निघतो. वाटून खा, बाईला कमी लेखू नको, हे सगळं उपदेशाचा शब्दही न काढता.

अभ्यासकांनी १८ वस्त्यांत तांदूळ वाटण्याचा खेळ खेळवला. मिळालेला तांदूळ स्वतःकडे ठेवायचा की वस्तीतल्या इतरांना द्यायचा? जिथे चांगले गोष्टी सांगणारे जास्त, तिथे लोक सढळ हाताने देत होते. कोणासोबत राहायला आवडेल, असं विचारल्यावर या गोष्टी सांगणाऱ्यांचीच नावं जास्त आली, आणि त्यांना मुलंही इतरांपेक्षा सरासरीने सुमारे अर्ध्या मुलाने जास्त होती.

मात्र गोष्टींमुळे माणसं सढळ झाली, की आधीच गुण्यागोविंदाने राहणाऱ्या वस्तीत गोष्टी सांगायला सवड मिळाली? नुसत्या अशा पाहणीतून ते ठरत नाही. अभ्यासकांचा कौल पहिल्या बाजूला आहे आणि तो मलाही पटतो. पण तो इतका चटकन का पटतो, हे विचारलं तर पुन्हा त्या खुराड्यापाशीच यावं लागतं.