"बोलेल हळूहळू" म्हणण्याआधी

दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की घरात दोन तट पडतात. आईला झोप लागत नाही आणि आजी म्हणते, "अगं, याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता. बोलेल हळूहळू." आजी दिलासा म्हणून सांगते, तेच डॉक्टर मात्र जोखीम म्हणून टिपून घेतात, कारण उशिरा बोलणं बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. बाबांचं पुढे सुरळीत झालं, पण पोराचंही होईल याची हमी त्यात नाही.

ढोबळ निकष असा: 2 वर्षांच्या मुलाला 50 शब्द येत नसतील, किंवा ते "बाबा ये", "दूध नको" अशी शब्दांची जोडी करत नसेल, तर ते उशिरा बोलणारं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी मुलं 13 टक्के निघाली. मुलग्यांत शक्यता मुलींच्या जवळपास तिप्पट. यातली निम्म्याहून जास्त मुलं शाळेच्या वयापर्यंत इतरांना गाठतात. कोणती गाठणार, हाच खरा प्रश्न.

शब्द मोजताना पालक फार कंजूषपणा करतात. 'हम्मा', 'भूभू', 'भुर्र' हे सगळे शब्दच. पोर केळ्याला 'के' म्हणत असेल आणि दरवेळी केळ्यालाच म्हणत असेल, तर तोही धरायचा. घरात मराठी आणि सांभाळणाऱ्या मावशींशी हिंदी असेल तर दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषा कानावर पडल्याने वाचा अडत नाही. "आता घरात फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला कुणी दिला तर खुशाल दुर्लक्ष करावं.

शब्दांहून जास्त सांगून जातं ते बोट. बिस्किटाकडे बोट दाखवणं म्हणजे मागणं. पण खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून मूल वळून तुमच्या तोंडाकडे पाहतं, तेव्हा त्याला काही नको असतं. "तू पण बघ ना" एवढंच असतं. हे साधारण वर्षाच्या आसपास दिसू लागतं. बोट आहे, हाकेला ओ आहे, "चप्पल आण" म्हटलं की खूण न करताही चप्पल येते, अशा मुलाबद्दल आशा बाळगायला जागा असते. बोट नाही आणि समजही कमी, तर वाट पाहू नये. येत असलेले शब्द गेले, तर मुळीच नाही.

आणि कान. घरोघरी होणारी परीक्षा म्हणजे पाठीमागे ताट आपटायचं. मूल दचकलं की "ऐकू येतं". पण ताटाचा दणका ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श' यांसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज निसटत असू शकतात. सर्दी वारंवार होत असेल तर पडद्यामागे द्रव साचून ऐकणं कमी-जास्त होत राहतं. जन्मल्यावरची चाचणी नीट आली असली तरी नंतर दोष येऊ शकतो. म्हणून बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी करायचीच. बहुतेकदा ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मिळतो का ते पाहणारी) आणि बेरा (आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोहोचतो का ते पाहणारी) या दोन चाचण्या सांगतात. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. जिभेला वेखंड चोळणं किंवा जिभेखालची पट्टी कापून घेणं यातून न आलेले शब्द येत नाहीत.

टीव्हीचं काय? अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांनी 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना तिचे ध्वनी ओळखता येऊ लागले. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच पदरात पडलं नाही. बालगीतांच्या व्हिडिओंवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. शिवाय टीव्ही चालू असला की मोठी माणसंच कमी बोलतात: 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात टीव्हीच्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 नी घटलेले आढळले.

तपासणीसाठी मोठ्या शहरातच जायला हवं असं नाही. 2013 साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात आणि गरज असल्यास जिल्हा पातळीवरच्या उपचार केंद्रात पाठवतात. स्पीच थेरपिस्ट सुरुवातीला मुलापेक्षा आईबाबांशीच जास्त बोलताना दिसली तर पैसे वाया गेले असं समजू नका. ती तुम्हालाच शिकवत असते: मूल बघतंय त्याच वस्तूचं नाव घ्या, वाक्य छोटं ठेवा, आणि मग गप्प बसून त्याची पाळी येऊ द्या. यातलं गप्प बसणं आपल्या घरांत सगळ्यात जड जातं.