ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने वजन उचलायचं नाही, तेही जन्मभर?

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात खंडेराव मार्केटची भाजीची पिशवी कोणी देतच नाही, हात सुजेल म्हणून, प्रेमापोटीच असतं हे, पण चुकीचं आहे. काखेतल्या, अंगातलं पाणी गाळणाऱ्या लिम्फच्या गाठी काढल्या की पाणी साचून हात सुजू शकतो हे खरंय, सुरुवातीचे काही आठवडे जपायचं हेही खरं, पण जन्मभराची बंदी ही नुसती भीती होती. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर डॉन मॅकेन्झींनी अशा २४ बायकांना चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकींनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला लावली, एकीलाही नवी सूज आली नाही! मग २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांची ट्रायल, म्हणजे दोन गटांची तुलना करणारी चाचणी, आली, आधीच सूज असलेल्या १४१ जणी, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वेट्स, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत. सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचं प्रमाण वेट्स न करणाऱ्यांत २९ टक्के आणि करणाऱ्यांत १४, शिवाय ताकद वाढली ती वेगळीच. नुसता जपलेला हात मात्र अशक्त होतो, मग वरच्या फळीवरचा डबा काढायलाही कोणाला तरी हाक मारा. फक्त स्वतःच्या मनाने डंबेल उचलू नका, फिजिओकडून शिकून घ्या, आणि सूज असेल तर व्यायामाच्या वेळी प्रेशरची स्लीव्ह, म्हणजे हात घट्ट दाबून धरणारी बाही, घाला, त्या ट्रायलमधल्या बायकाही घालायच्या.