इर्ल्याचा क्रूस आणि भिंतीतली ओल

मार्च 2012 मध्ये विलेपार्ल्याजवळच्या इर्ल्यात, वेलंकणी मातेच्या चर्चसमोर गर्दी जमू लागली. क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं आणि भाविक ते तीर्थ म्हणून घरी नेत होते. एका वृत्तवाहिनीच्या बोलावण्यावरून विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू तिथे आले. जवळची सांडपाण्याची वाट तुंबली होती, ओल भिंतीत शिरली होती आणि केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी आपसूक वर खेचलं जातं तसं, वर चढून खिळ्यापाशी बाहेर पडत होती. उलगडा एवढाच होता.

गर्दी मात्र आकाशातून पडली नव्हती. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, होते. तिथे मेणाचे हात, पाय, घरं वाहणाऱ्यांत हिंदूही असतात. मुंबईत नवस धर्म विचारून बोलला जात नाही. 21 सप्टेंबर 1995 ला, ऐन पितृपक्षात, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीचं, कारण सांगितलं, रंगीत दूध मूर्तीवरून ओघळताना दाखवलं. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाल्याची बातमी पसरली आणि ते गढूळ पाणी लोक बाटल्यांत भरून नेऊ लागले. पावसाचं गोडं पाणी समुद्रात उतरलं होतं. पालिकेने पिऊ नका म्हटलं, लोक प्यायले.

इर्ल्याचं वेगळेपण असं की कॅथलिक चर्चकडे शंकेची स्वतःची जुनी परंपरा आहे. संतपदाच्या दाव्याला विरोध करणारा अधिकारी रोममध्ये 1587 पासून अधिकृतपणे होता; 1983 च्या सुधारणांत त्याची भूमिका बरीच आटोपली. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे दावे तपासायला 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. इर्ल्याच्या पाण्यालाही चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली नव्हती. म्हणजे, माझ्या मते, एडमरुकूंचं निदान पचवणं चर्चला जड नव्हतं. वाद पेटला तो टीव्हीवर, चर्च पैशासाठी चमत्कार उभे करतं या एडमरुकूंच्या आरोपावरून. काही कॅथलिक संघटनांना हा अपमान वाटला, आणि एडमरुकूंनी माफी मागितली नाही.

मग एडमरुकूंविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या कलम 295अ खाली, म्हणजे हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावल्याबद्दल, तक्रारी झाल्या. हे कलम 1927 चं, इंग्रजी राजवटीतलं; लाहोरमधल्या एका पुस्तिकेवरून हिंदू-मुस्लीम तणाव वाढल्यावर आणलेलं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, त्यामुळे खटला उभा राहायच्या आधीच अटकेची भीती. 2012 मध्येच एडमरुकू फिनलंडला गेले.

पुढच्या वर्षी, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. तो फसवणूक आणि अघोरी प्रथा रोखतो. शंका विचारणाऱ्याला संरक्षण देणं त्याच्या कक्षेत येत नाही. 295अ चा मजकूर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये गेला. कमाल शिक्षा पूर्वीचीच, तीन वर्षं.