गार इंजिन १६, गरम इंजिन १८?

फॉर्म्युला वनच्या नव्या इंजिनांवरनं २०२६चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच जे भांडण पेटलं ते मला रेसपेक्षा जास्त आवडलं, कारण ते आपल्या बेळगावातल्या उद्यमबागच्या कुठल्याही फौंड्रीत चहा पितापिता समजावून सांगता येतंय.

भांडण असं. २०२६च्या नियमात कॉम्प्रेशन रेशोची मर्यादा १८ वरनं १६ वर आणली आणि तेव्हा ठरलं होतं की तो मोजायचा इंजिन गार असताना. मग बोंब उठली की काही इंजिनं गार असताना १६ दाखवतात आणि तापली की १८कडे सरकतात, नाव जास्त मर्सिडीजचं घेतलं गेलं. इंजिन देणारे आता पाचच आहेत, मर्सिडीज, फेरारी, होंडा, ऑडी आणि रेड बुल-फोर्ड, आणि ११ टीमपैकी ४ टीमच्या गाड्यांत मर्सिडीजचं इंजिन, म्हणजे युक्ती खरी निघाली तर ८ गाड्यांना फायदा. बाकीचे ओरडणार नाहीत तर काय करतील!

एवढं काय आहे त्या दोन आकड्यांत? पिस्टन खाली असताना सिलिंडरमधली जागा आणि वर आल्यावर उरलेली जागा, त्यांचं प्रमाण म्हणजे हा रेशो, डिप्लोमाला सगळ्यांनी घोकलेलं असतंय. दाबून पेटवलं की त्याच पेट्रोलमधनं जास्त काम निघतं. आणि इंधनाची ऊर्जा नियमानं तासाला ३००० मेगाज्यूलवर बांधलेली आहे, जास्त जाळून पॉवर वाढवायची सोय नाही. पुस्तकी सूत्रानं १६चे १८ केले तर सव्वादोन टक्के फायदा, इंजिनाच्या साधारण ४०० किलोवॅटवर धरला तर १२ हॉर्सपॉवर. (पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावून मायलेज वाढवून देतो म्हणणारे अजून भेटतात, त्यांना हे सूत्र विचारून बघा, विषय बदलतात.)

आता गंमत. १.६ लिटर, ६ सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला २६७ सीसी. १६ला वर उरते १७.८ सीसी, १८ला १५.७. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० मिलिमीटर, म्हणजे फरक उंचीत मोजला तर जेमतेम ०.४ मिलिमीटर! तापल्यावर पिस्टन एवढाच वर सरकायला पाहिजे.

सरकतो का? बीड (कास्ट आयर्न) ओतताना पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, टक्काभर मोठा करतात, ॲल्युमिनियमला त्याहून जास्त, हे इथल्या पॅटर्नवाल्याला पाठ असतंय, कारण प्रत्येक धातू आपापल्या मापानं आटतो आणि तापला की आपापल्या मापानं वाढतो. पिस्टन हलवणाऱ्या क्रँकच्या मध्यापासनं हेडपर्यंत (सिलिंडरच्या वरच्या झाकणापर्यंत) ब्लॉकची उंची समजा १५० मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा ब्लॉक १०० अंशांनी तापला तर ०.३५ मिलिमीटर वाढतो. आत क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन ही सगळी रांग पोलादाची धरली तर ती वाढते ०.१८. म्हणजे हेड लांब गेलं, पिस्टन मागं राहिला, रेशो वाढायच्या ऐवजी १६चा १५.३ झाला! साध्या हिशेबानं उलटंच होतंय. युक्ती करायची तर आतली रांग ब्लॉकपेक्षा जास्त वाढायला पाहिजे, एकतर धातू तसा निवडून, नाहीतर ब्लॉकला पाण्यानं गार ठेवून आणि रॉड-पिस्टन जास्त तापू देऊन, शिवाय रेडलाइनला, म्हणजे इंजिन सगळ्यात जोरात फिरताना, रॉड ताणला जातो तो ताण वेगळाच, पण तो हिशेब इथं मांडत बसलो तर वाचणारे पळून जातील.

नियमाच्या फटीतनं इंजिन काढणं मर्सिडीजला नवीन नाही म्हणा. १९९४ला इंडियानापोलिस ५००मध्ये पुशरॉड इंजिनांना (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी जुन्या पद्धतीची इंजिनं) जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आणि मोठा आकार चालायचा, ती सवलत घेऊन इल्मर या इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं खास एका रेससाठी इंजिन केलं, नाव मर्सिडीजचं, गाडी पेन्स्की टीमची, आणि अल अन्सर ज्युनियर जिंकला. नियमात बसत होतं, चोरी नव्हती.

मला विचाराल तर पूर्ण दोन आकडे कुणाला मिळत असतील असं वाटत नाही. अर्धा-पाऊण आकडा मिळाला तरी तीन ते पाच हॉर्सपॉवर होतात, आणि तेवढ्यासाठी या कंपन्या वर्ष घालवतात.