आधी हद्दी, मग भिंती

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजच्या कोटाआतल्या जुन्या शहरात बोळच जिवावर उठले. दोन्ही बाजूंची घरं कोसळून गल्ल्या बुजल्या. पळायला वाट उरली नाही आणि मदत आत पोहोचेना. तरीही ढिगारा उपसल्यावर ज्याला त्याला घर जुन्याच जोत्यावर बांधायचं असतं, कारण सात-बारा किंवा सिटी सर्व्हेच्या कागदावरची हद्द भूकंपाने हलत नाही. तसं बांधू दिलं की बोळही जसेच्या तसे परत येतात.

रस्ता रुंद करायला जमीन लागते. निव्वळ भूसंपादन केलं तर रस्त्यालगतचा मालक सगळं गमावतो आणि त्याच्या मागच्याला आयतीच मोक्याची जागा मिळते. म्हणून नगररचनाकार वेगळा डाव मांडतात. एका भागातले सगळे भूखंड नकाशावर एकत्र करायचे, प्रत्येकातून थोडी कपात करून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि उरलेल्या जमिनीचे नवे, शक्यतो चौकोनी भूखंड जुन्या मालकांना जवळपासच परत द्यायचे. जागा घटते, पण दाराशी गाडी येते आणि भाव वाढतो.

टोकियोत १९२३ च्या भूकंपानंतर आगीनेच बहुतेक बळी घेतले होते. तिथे १० टक्क्यांपर्यंतची कपात मोबदल्याशिवाय झाली. प्राथमिक शाळांना लागून ५२ छोटी उद्यानंही आखली गेली, म्हणजे आग लागली तर माणसं मोकळ्यावर येतील. पण टक्केवारी सगळ्यांना सारखी बोचत नाही. ५०० चौरस मीटरमधून १० टक्के गेले तर अंगण आखडतं. २० मधून २ गेले तर जिना कुठे काढायचा हा प्रश्न. भुजमध्ये म्हणूनच लहान भूखंडांना कमी आणि मोठ्यांना जास्त कपात लावली.

घाईही अंगाशी येते. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला आणि बरोबर दोन महिन्यांनी आराखडा मंजूर, लोक अजून निवारा केंद्रांत! गदारोळ झाला, पुढचे तपशील वस्त्यावस्त्यांतल्या रहिवासी समित्यांबरोबर बसून ठरवावे लागले. आराखडा ठरेपर्यंत घातलेली बांधकामबंदी फार लांबवता येत नाही हे खरं, पण ज्याची जमीन कापायची त्याला नकाशा तरी आधी दाखवायला हवा होता.

भाडेकरूचं काय? त्याच्या नावावर भूखंडच नसतो, त्यामुळे कपातीच्या या हिशेबात तो येत नाही. त्याच्यासाठी वेगळी घरं बांधावी लागतात. कोबेत अशी बरीच घरं शहराच्या कडेला झाली आणि एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांचा जुना शेजार तुटला.