तेलाचा पुरवठा नेमका कुठे तुटतो?

तेलप्रकल्पावर दहशतवादी हल्ला झाल्याची किंवा तशी धमकी आल्याची बातमी आली की तिच्यासोबत हमखास जळत्या तेलविहिरीचे छायाचित्र छापले जाते, आणि विहिरी गेल्या म्हणजे तेल गेले हा समज पक्का होतो. प्रत्यक्षात विहिरीचे नुकसान या व्यवस्थेला सर्वांत सहज सोसते. मोठ्या तेलक्षेत्रात विहिरी पुष्कळ आणि दूरदूर पसरलेल्या असतात. त्यांतील एखादी बंद पडल्याने एकूण उत्पादनात फारसा फरक पडत नाही. नळवाहिनी फोडणे सोपे असते, पण ती जोडणेही तुलनेने सोपे असते. कोलंबियातील कान्यो लिमोन नळवाहिनी बंडखोरांनी आजवर शेकडो वेळा फोडली आहे आणि ती पुन्हा पुन्हा सुरू झाली आहे.

खरी नाजूक जागा विहीर आणि बंदर यांच्या मध्ये असते. सौदी अरेबियातील अबकैक हे तेलप्रक्रिया केंद्र तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. दिवसाला सुमारे 70 लाख पिंपे तेल हाताळण्याची क्षमता असलेल्या या केंद्रात अल-कायदाने फेब्रुवारी 2006 मध्ये स्फोटकांनी भरलेल्या मोटारी घुसवण्याचा प्रयत्न केला होता. तो सुरक्षारक्षकांनी हाणून पाडला. एवढ्या मोठ्या देशातले हेच ठिकाण का निवडले गेले असावे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

विहिरीतून येणारे कच्चे तेल प्रचंड दाबाखाली असते आणि त्यात मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे वायू विरघळलेले असतात. सोड्याची बाटली उघडताच दाब उतरतो आणि वायू फसफसून बाहेर येतो, तसेच येथेही घडते. फरक इतकाच की हा वायू ज्वालाग्राही असतो. असे तेल तसेच जहाजात भरले तर टाक्यांमध्ये स्फोटक वायू साचेल. शिवाय त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. कुजलेल्या अंड्यांसारखा त्याचा वास सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो घाणेंद्रियच बधिर करतो, आणि वास येईनासा होतो तेव्हाच धोका सर्वाधिक असतो.

म्हणून तेल ‘स्थिर’ करावे लागते. प्रथम चपट्या गोलाकार टाक्यांमध्ये दाब उतरवून बराचसा वायू वेगळा केला जातो. उरलेले तेल उंच स्तंभात वरून सोडतात. आतल्या तबकड्यांवरून ते पायरीपायरीने खाली येते, आणि तळाशी दिलेल्या उष्णतेमुळे निर्माण झालेली वाफ त्याच्या उलट दिशेने वर चढते. हायड्रोजन सल्फाइडचा उत्कलनबिंदू उणे 60 अंश सेल्सिअस, म्हणजे इथेन (उणे 89) आणि प्रोपेन (उणे 42) यांच्या मध्ये पडतो. म्हणजे तो सहज उडून जायला हवा. तरीही तेलात विरघळलेला हा वायू केवळ दाब उतरवून पुरेसा निघत नाही. द्रवातून वायू बाहेर पडत राहण्यासाठी द्रवावरच्या जागेत त्या वायूचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा स्वतःचा वाटा, कमी राहावा लागतो. स्तंभात खालून वर येणारी हलक्या हायड्रोकार्बनांची वाफ नेमके हेच काम करते: प्रत्येक तबकडीवर ती हायड्रोजन सल्फाइडला विरळ करून वर वाहून नेते, त्यामुळे तेल खाली उतरत जाताना अधिकाधिक शुद्ध होते. तळाशी मिळते ते कमी बाष्पदाबाचे, म्हणजे सहज वाफ न होणारे, जहाजात भरण्याजोगे तेल. या योजनेतील साधेपणा मला फार देखणा वाटतो.

आता हल्लेखोराच्या नजरेने पाहा. असंख्य विहिरींचे तेल मोजक्या स्तंभांतून जाते, आणि असे स्तंभ बाजारात तयार मिळत नाहीत. 14 सप्टेंबर 2019 रोजी अबकैक व खुरैस या तेलक्षेत्रात ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आदळली. येमेनमधील हूती बंडखोरांनी जबाबदारी स्वीकारली. अमेरिका आणि सौदी अरेबिया यांनी इराणला दोषी धरले आणि इराणने आरोप नाकारला. अबकैकच्या 18 स्थिरीकरण स्तंभांपैकी 5 आणि अनेक गोलाकार टाक्या निकामी झाल्या. दिवसाला सुमारे 57 लाख पिंपांचे उत्पादन, म्हणजे जगाच्या पुरवठ्याचा जवळपास विसावा भाग, एका रात्रीत थांबले.

सोमवारी बाजार उघडताच ब्रेंट या जागतिक बाजारात प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाचा भाव जवळपास 20 टक्क्यांनी उसळला. लगेच तेलयुगाच्या अंताची भाकिते सुरू झाली. ग्रहयोगांचे दाखले देणारेही मागे राहिले नाहीत. मात्र साठ्यांतून ग्राहकांना तेल मिळत राहिले, दुरुस्ती अपेक्षेपेक्षा लवकर झाली आणि महिनाअखेरीपर्यंत भाव जवळपास पूर्वपदावर आला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आयातदार सदस्य देशांना 90 दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो, तो अशाच प्रसंगांसाठी.

साठा वेळ मिळवून देतो; दीर्घकाळची तूट भरून काढायला मात्र अतिरिक्त उत्पादनक्षमता लागते, आणि ती जगात सर्वाधिक सौदी अरेबियाकडेच असल्याने हल्ला जणू विमा कंपनीवरच झाला होता. इराणच्या आखातातून बाहेर पडण्याची अरुंद वाट असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीला पर्याय म्हणून तांबड्या समुद्रावरील यान्बू बंदरापर्यंत बांधलेली सुमारे 1,200 किलोमीटरची नळवाहिनीसुद्धा सुरू होते ती अबकैकमधूनच.